कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणे!

माणसाच्या आजाराचं निदान करायला निदान डॉक्टर तरी लागतो. कॉम्प्युटरच्या म्हातारपणाचं निदान कोणीही करू शकतो. विजेचं बिल टाकायला आलेला मनुष्यसुद्धा दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे हनुवटी उडवून विचारतो, "किती वर्षांचा आहे जी हा?" आपण म्हणतो, "झाली असतील नऊ-दहा." त्यावर तो जीभ टाळ्याला लावून 'च् च्' करतो. संपलं. आता अंत्ययात्रा किती वाजता निघणार, एवढंच विचारायचं बाकी राहतं.

मला आज या 'च् च्' विरुद्ध चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते जरा चढ्या आवाजात बोलायचे आहेत. हळू झाला म्हणजे म्हातारा झाला, म्हातारा झाला म्हणजे फेका, आणि फेकला म्हणजे नवा घ्या, ही जी त्रिसूत्री सध्या घरोघर म्हटली जाते, ती साफ खोटी आहे. तिच्यातलं पहिलं सूत्रच खोटं आहे. पुढची दोन दुकानदारांनी जोडलेली आहेत.

आम्ही नागपूरची माणसं. वस्तू दुरुस्त करून वापरणं ही आमच्याकडे नुसती काटकसर नाही, ती हवामानाची सक्ती आहे. मार्च लागला की गल्लोगल्ली कूलर अंगणात येतात. पत्र्याला रंग मारला जातो, पंप साफ होतो, गेल्या वर्षीच्या सडलेल्या ताट्या काढून खसच्या किंवा वुडवूलच्या नव्या ताट्या बसतात, आणि मग तोच पंधरा वर्षांचा कूलर मे महिन्यात असा काही गर्जतो, की पाहुण्यांना घरात पिठाची गिरणी चालू असल्याचा भास होतो. ताटी सडली म्हणून कूलर फेकून देणारा नागपूरकर मी अजून पाहिलेला नाही. असा कोणी निघालाच, तर लोक त्याला ऊन लागलं समजून आधी कैरीचं पन्हं पाजतील. मग हाच शहाणा माणूस कॉम्प्युटरची एक ताटी सडली की अख्खा कूलर का फेकतो?

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१६ सालचा. २०२३ साली त्याचं बटण दाबल्यापासून पहिलं पत्र उघडेपर्यंत सहा मिनिटं चाळीस सेकंद लागत. हे मी घड्याळ लावून मोजलं होतं, कारण निवृत्त माणसाला मोजायला दुसरं फारसं काही उरत नाही. तेवढ्या वेळात सौ. कोपऱ्यावरून दूध घेऊन येई, आणि येताना गल्लीतल्या बातम्या आणी. त्या कॉम्प्युटरवरच्या बातम्यांपेक्षा ताज्या असत हे वेगळंच.

आता अशा प्रसंगी आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांचे तीन पंथ आहेत.

पहिला पंथ फेकावाद्यांचा. आमचे चिरंजीव पुण्याला असतात आणि या पंथाचे कडवे अनुयायी आहेत. "बाबा, किती दिवस ते डबडं सांभाळणार?" असं ते फोनवर विचारतात. (हा प्रश्न ते नेमका कशाबद्दल विचारताहेत याची दर वेळी खात्री करून घ्यावी लागते.) सीताबर्डीतल्या एका गारेगार दुकानातला टाय लावलेला मुलगा तर या पंथाचा पुरोहितच. त्याने कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नाही. साल ऐकलं आणि डोळे मिटले. "सर, याची लाइफ संपली. पंचावन्न हजारात मस्त मॉडेल देतो." पत्रिका न बघता मृत्युयोग सांगणारा ज्योतिषी मी प्रथमच पाहिला.

दुसरा पंथ सोसावाद्यांचा. आमचे शेजारी वकीलसाहेब त्यातले. "अहो, आता आपल्याला कसली घाई?" असं म्हणून ते स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर रोज अर्धा तास मांडी घालून बसतात. त्यांनी या प्रकाराला जवळजवळ ध्यानधारणेचं स्वरूप दिलं आहे. हा पंथ वरवर सात्त्विक दिसतो, पण घातक आहे. कारण सोसून सोसून कंटाळलेला माणूस एक दिवस थेट पहिल्या पंथात जाऊन पडतो.

तिसरा पंथ आकाशवाद्यांचा. "काका, सगळं क्लाउडवर टाकून द्या," असं भाचा सांगतो. म्हणजे फोटो ठेवायचे आकाशात, आणि ते बघायला सहा मिनिटं चाळीस सेकंद थांबायचं जमिनीवर!

या तिन्ही पंथांत एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे: एकानेही डबा उघडून आत पाहिलं नाही.

तो उघडला गोकुळपेठेतल्या एका पोराने. पानठेल्याएवढं दुकान, वर पंखा, खाली वायरींचा गुंता, मध्ये हा. त्याने चार स्क्रू काढले, पाच मिनिटं आत डोकावला आणि म्हणाला, "काका, याला काहीच नाही झालं जी. डोकं ठणठणीत आहे. गुडघे गेले फक्त." मग आतल्या एका चपट्या डबीवर बोट ठेवलं. "हे पाहा. हार्ड डिस्क. हिच्यापायी सगळे थांबून राहिले. हिच्या जागी एसएसडी टाकून देतो, मग पाहाल तुम्ही."

गुडघे! अहो, केवढा थोर दृष्टान्त! आज मध्यमवर्गीय घरांतून गुडघे बदललेल्या कितीतरी आज्या जिने चढताहेत. गुडघे गेले तर गुडघे बदलतात. आजी बदला असं कोणी डॉक्टर सांगत नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र आजीच बदलून देतात.

आता या गुडघ्यांचं शास्त्र थोडं समजून घ्यायला हवं, कारण फेकावाद्यांची सगळी भिस्त आपल्या अज्ञानावर असते. हार्ड डिस्क म्हणजे डबीत बंद केलेली ग्रामोफोनची तबकडी. ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची, ही ७२०० घेते. आणि हिची सुई तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका खेपेला बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ऐंशी खेपा. ऐकायला हे फार वाटतं. पण सुरू होताना कॉम्प्युटर तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेले हजारो लहानलहान तुकडे मागत असतो. तोवर बिचारा प्रोसेसर, म्हणजे ते 'डोकं', हातावर हात ठेवून बसलेलं असतं.

नागपूरकराला हे समजावून द्यायला हिवाळी अधिवेशनासारखा दाखला नाही. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरवायचं ठरलं. तेव्हा डिसेंबरात फायली, शिपाई, सचिव, गाड्या, सगळं शासन मुंबईहून इथे येतं आणि कामकाज आटोपून परत जातं. आता अशी कल्पना करा, की एकेका कागदासाठी अख्खं शासन मुंबईहून नागपूरला येतंय आणि परत जातंय, आणि तेही सेकंदाला ऐंशी वेळा. हार्ड डिस्क हेच करत असते. तिला दोष देण्याआधी दोन्ही हात जोडून नमस्कार केला पाहिजे.

तिचं घराणंही लहानसहान नाही. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली, आणि त्याच साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने ३५० क्रमांकाचं पहिलं हार्ड डिस्क यंत्र आणलं. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि एवढ्या संसारात मावत होती पन्नास लाख अक्षरं. आजच्या मोबाइलमधला एक फोटो त्यात कसाबसा कोंबता आला असता.

एसएसडीत फिरतं असं काहीच नाही. तबकडी नाही, सुई नाही, दांडा नाही. चिपमधल्या अब्जावधी कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. हवा तो कप्पा विचारायचा, की मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उत्तर हजर. जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा नॅन्ड नावाचा प्रकार. एसएसडी या नॅन्डवरच चालते. थोडक्यात, इथे अधिवेशन नाही. जिथला कागद तिथेच सही.

शस्त्रक्रियेचं वर्णन अगदीच निरस आहे. रात्रभर जुन्या तबकडीवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवलं. सकाळी जुन्या डबीच्या दोन वायरी काढून नव्या डबीला लावल्या. त्याच वायरी, तीच जागा. ही साटा नावाची जोडणी २००३ पासून चालत आलेली आहे, त्यामुळे 'याचे पार्ट आता मिळत नाहीत' हे वाक्य ऐकलं की सांगणाऱ्याच्या डोळ्यांत नीट पाहावं. ५०० जीबीच्या एसएसडीचे आणि मजुरीचे मिळून एकतीसशे रुपये झाले. घरी आणून बटण दाबलं आणि घड्याळ लावलं. चोवीस सेकंद! सौ. नुकतीच चपला घालत होती. ती म्हणाली, "आता दूध आणायला वेळ कधी मिळायचा?" एवढी एकच तक्रार आजवर आली आहे.

फेकावादी इतक्याने गप्प बसत नाहीत. त्यांचे आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप: एसएसडी झिजते. झिजते, खरं आहे. प्रत्येक कप्प्यात ठराविक वेळाच लिहिता येतं. पण कंपन्या ५०० जीबीच्या बऱ्यापैकी ड्राइव्हवर १८० टेराबाइटपासून ३०० टेराबाइटपर्यंत लिखाणाची हमी देतात. घरात रोज २० जीबी लिहिलं, आणि एवढं लिहिणारा माणूस आमच्या ओळखीत तरी नाही, तर १८० टेराबाइट संपायला चोवीस वर्षांहून अधिक लागतील. माझ्या वयाच्या माणसाला झिजण्याची भीती घालताना आधी कोण झिजणार याचा हिशेब करावा.

दुसरा आक्षेप: ती न सांगता जाते. हाही खरा, आणि तो मी जास्त गंभीरपणे घेतो. हार्ड डिस्क मरायच्या आधी बहुधा कुरकुरते, कटकट करते, घरंदाज म्हातारीसारखी सगळ्यांना गावाहून बोलावून घेते. एसएसडी रात्री जेवूनखाऊन झोपते आणि सकाळी नसते. शिवाय गेली की तिच्या पोटातलं परत मिळवणं फार कठीण. त्यात आणखी एक गोष्ट: वीज न लावता वर्षानुवर्षं पडू दिली तर कप्प्यांतला भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत लवकर गळतो. नागपूरचा माळा मे महिन्यात काय असतो हे मी सांगायला नको. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती. पुढे हवामान खात्याने खुलासा केला, की सेन्सर बिघडला होता. आमचं मत असं, की तो बिघडला नव्हता, त्याला ऊन लागलं होतं. तेव्हा एसएसडी माळ्यावर टाकायची नाही, आणि महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत ठेवायचीच. त्यासाठी ती जुनी तबकडी आहेच की! काही शे रुपयांच्या डबीत घातली की तिचं फिरतं कोठार होतं. आता तिला धावायचं नाही, नुसतं सांभाळायचं. निवृत्तीनंतरचं इतकं सन्मानाचं काम मलाही कोणी दिलेलं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत. नऊ-दहा वर्षांची यंत्रं यात नेमकी सापडली. इथे एसएसडी काहीही करू शकत नाही, हे मी मान्य करतो. पण ही सेवानिवृत्तीची नोटीस आहे, मृत्यूचा दाखला नव्हे. मलाही शासनाने अठ्ठावन्नाव्या वर्षी 'यापुढे आधार नाही' असं लेखी कळवलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी अंबाझरी तलावापर्यंत चालत गेलो आणि चालतच परत आलो. आधार संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका, हे मीही सांगेन. पण कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देऊ केली, आणि त्यापलीकडे लिनक्स आहे, जे फुकट मिळतं आणि एसएसडी असली तर जुन्या यंत्रावरही तुरुतुरु पळतं. पत्रं, हिशेब, फोटो, बातम्या आणि नातवंडांची तोंडं पाहणं, एवढाच आमचा कारभार. तेवढ्यासाठी आजी कशाला बदलायची?

इथवर आपण हसतखेळत आलो. आता थोडं रागावून बोलतो.

माझ्यासारख्या पेन्शनवाल्याचे पंचावन्न हजार वाचले काय नि गेले काय, जग बुडत नाही. पण आमच्याच गल्लीत ऑटो चालवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांची मुलगी बी. कॉम. करते आणि सोबत टॅलीचा क्लास. तिच्याकडे कुणीतरी दिलेला जुना लॅपटॉप. तो उघडेपर्यंत क्लास अर्धा व्हायचा. एका दुकानात त्यांना सांगण्यात आलं, की हा गेला, आता चाळीस हजारांचा घ्या, हप्त्याने देतो. बापाने हप्त्याचा कागद घरी आणला होता. सहीच करायची बाकी होती. मी तो कागद पाहिला आणि मुलीला लॅपटॉपसकट गोकुळपेठेत पाठवलं. त्या पोराने तिच्याकडून मजुरीसुद्धा घेतली नाही. "तुम्ही फक्त एसएसडीचे पैसे द्या, बाई." आज ती त्याच लॅपटॉपवर दोन दुकानांचे हिशेब लिहून देते.

'च् च्' ची खरी किंमत कोण देतो ते इथे कळतं. ज्याला नवा घेणं परवडतं तो नवा घेतो आणि विसरून जातो. ज्याला परवडत नाही, तो चुकीच्या निदानाचे हप्ते फेडत बसतो. शहाण्या सल्ल्यासारखा दिसणारा हा सल्ला म्हणजे गरिबावर बसवलेला कर आहे, आणि तो वसूल करणाऱ्याला त्याचं कमिशन मिळतं.

शिवाय फेकलेलं जातं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्यातला बराचसा कोणाच्या तरी उकिरड्यावर, कोणाच्या तरी उघड्या हातांनी फोडला जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. चांगलंच केलं. पण बाजारात उलटं वारं आहे. काही नव्या चपट्या लॅपटॉपांत मेमरी आणि साठवण दोन्ही बोर्डाला डाख लावून पक्की केलेली असतात. म्हणजे गुडघे बदलताच येऊ नयेत अशी आजी जन्माला घालायची, आणि वर तिच्या सडपातळपणाची जाहिरात करायची! त्यातच २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या प्रचंड संगणककेंद्रांनी चिप्सची अशी उचल सुरू केली, की मेमरीचे आणि एसएसडीचे भाव तुरीच्या डाळीसारखे चढू लागले. त्याच चिप्स नव्या कॉम्प्युटरमध्येही असतात, तेव्हा 'आता एसएसडी महाग झाली, नवाच घ्या' या युक्तिवादाला भुलू नये. डाळ महागली म्हणून कोणी हॉटेलात जेवायला जात नाही.

तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्या कॉम्प्युटरसमोर कोणी 'च् च्' केलं तर त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. यात हार्ड डिस्क आहे की एसएसडी? मेमरी वाढवायला आत जागा आहे का? आणि हा फेकला तर तो कुठे जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला डबा उघडावा लागतो, आणि तिसऱ्याचं उत्तर द्यायला मान खाली घालावी लागते. यातलं काहीच न करता जो थेट नव्या मॉडेलची किंमत सांगू लागेल, त्याला खुशाल आमचं नागपुरी उत्तर द्या: "नाही जी, आमच्या आजीला फक्त गुडघे पाहिजेत!"